नीट लिहिलेला अर्ज

हा मजकूर माझा आहे. कागदावर उतरवला माझ्या मुलीने, ईशाने. ती अक्षरांच्या तक्त्यावरून बोट फिरवते आणि हवं ते अक्षर आलं की मी पापण्या मिटतो. एका परिच्छेदाला एक संध्याकाळ जाते. ईशाला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. त्यामुळे मधूनच बोट थांबतं आणि ती विचारते, "पापा, ये ल है या ळ?" वेळ किती लागला हे मुद्दाम सांगतो आहे. का, ते पुढे येईल.

ज्यांच्या घरात कुणाचं बोलणं गेलं आहे आणि जे बोलणाऱ्या यंत्रासाठी कुठेतरी अर्ज करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. बातमीत महत्त्वाचं आधी सांगतात. तेव्हा आधीच सांगतो: माझा अर्ज फार नीट लिहिलेला होता.

*

रायपूरच्या एका हिंदी दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं डेस्कवर होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं कापणं हे माझं काम. एका दुपारच्या बैठकीत पहिल्या पानाची शीर्षकं वाचून दाखवताना 'स्पंज आयरन' हे दोन शब्द तोंडातून निघेनात. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "भैया, आज दोपहर से ही?" सगळे हसले, मीही हसलो. मी दारूला शिवत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तो विनोद होता. तीन महिन्यांनी तो कुणी केला नाही. तोपर्यंत काहींना ते खरं वाटू लागलं होतं.

आजाराचं नाव नागपूरला कळलं. डॉक्टर तरुण होते आणि मराठी बोलत होते. हातापायांत सुया टोचून घेतलेल्या तपासणीचे कागद त्यांनी दोनदा उलटसुलट पाहिले. माझ्या बायकोने, मंगलाने, विचारलं, "औषध काय द्यान?" ते म्हणाले, "मोटर न्यूरॉनचा आजार आहे. औषध वेग थोडा कमी करेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा आवाज आधी जाईल, हात नंतर. घरच्यांशी जे बोलायचं असेल ते येत्या सहा-आठ महिन्यांत बोलून घ्या."

परतीच्या गाडीत गोंदियापर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. गोंदियाला मंगला म्हणाली, "अहो, बोला ना काही." मी म्हणालो, "चहा घेते का?" ती रडायला लागली. समोरच्या बाईने तिला पाण्याची बाटली दिली.

सहा-आठ महिने मिळाले नाहीत. साडेचार मिळाले. त्या काळात मी काय बोललो ते आठवून पाहिलं. गॅसचा नंबर लावला का, पंखा कमी कर, ईशाची गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे. महत्त्वाचं असं काही सापडत नाही.

*

घरात तेव्हा आम्ही चौघं. मंगला शाळेत शिकवते. ईशा भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे. दोघी साडेनऊला निघतात आणि पाचच्या सुमाराला परततात. चौथी माझी आई, वय एक्क्याऐंशी. तिचं सगळं आयुष्य रायपूरच्याच तात्यापाऱ्यातल्या दोन गल्ल्यांत गेलं. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिची नजर पूर्ण गेली आणि ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

मला खुर्चीतून उठता येईना तेव्हापासून साडेनऊ ते पाच घरात आम्ही दोघंच. दुपारी बारा ते दोन सुखबती नावाची बाई मला भरवायला आणि स्वच्छ करायला येते. ती मायेची आहे, पण तिला वाचता येत नाही. बाकीच्या वेळात एका खोलीत जिला दिसत नाही ती आणि ज्याला बोलता येत नाही तो, असे दोघं बसलेले. मी पाटीवर लिहिलं तर आईला दिसत नव्हतं. मी मान हलवली तरी दिसत नव्हतं.

सुरुवातीला आईला वाटलं मी रुसलो आहे. "काहून रे सुध्या, बोलून नाही राहिला? मी काही म्हटलं काय तुले?" मंगलाने संध्याकाळी पुन्हा सगळं समजावलं. आई म्हणाली, "आजार हाय ते समजलं मले. पन एक हव म्हणाले काय जाते?"

त्यावर उपाय आईनेच काढला. माझ्या उजव्या हातात चमचा, खुर्चीच्या हातावर स्टीलचा पेला. एकदा वाजवला की हव, दोनदा वाजवला की नाही. मग ती मांडीवर परात घेऊन बरबटीच्या शेंगा मोडत बसे आणि प्रश्न विचारत राही. ऊन आलं काय? भूक लागली? पाय दुखते? मंगला नाराज हाय काय माह्यावर? शेवटच्या प्रश्नाला मी दोनदा वाजवलं. ती म्हणाली, "लबाड." एक किंवा दोन ठोक्यांत जेवढं मावेल तेवढंच ती विचारी. काही दिवसांनी तिच्याकडचे प्रश्न संपू लागले, कारण उत्तरं तीच होती.

ईशाने फोनवर बोलणारं अ‍ॅप टाकून दिलं. डावा हात तोवर गेला होता, उजव्याचं एक बोट उरलं होतं. एका वाक्याला मला वीस मिनिटं लागत. वाक्य वाजेपर्यंत आई दुसऱ्या गोष्टीवर गेलेली असे, किंवा डुलकी लागलेली असे.

*

नेहा ही आमची स्पीच थेरपिस्ट. ईशापेक्षा चार वर्षांनी मोठी. एका रविवारी ती प्रात्यक्षिकासाठी मागवलेलं यंत्र घेऊन आली. दिसायला टॅबलेटसारखंच, खाली एक कॅमेरा. पडद्यावरच्या अक्षराकडे नुसतं पाहायचं, कॅमेरा नजर पकडतो आणि यंत्र शब्द उच्चारतं. पंधरा मिनिटांत मला जमलं. त्यात मराठी आवाज होता. तरुण पुरुषाचा, शुद्ध, कुठल्याच गावचा नसलेला.

मी पहिलं वाक्य लिहिलं: आई, मी सुधीर.

आई शेंगा मोडत होती. हात थांबले. "कोन आला? कोन बोलून राहिला हा?"

"सुधीरच आहेत, आई," मंगला म्हणाली. "मशीन त्यांचं बोलून राहिली."

आईचा विश्वास बसला नाही. तिने माझी परीक्षा घेतली. "सांग बरं, तुह्या बाबांनं रेडिओ आनला तेव्हा तू केवढा होता? तिसरीत होता न?"

मी लिहिलं: चौथीत. तिसरीत आणला तो पंखा.

आई इतकी हसली की परात मांडीवरून घसरली. "हव, हा सुध्याच हाय. लोकायच्या चुका काढल्याबिगर याले चैनच नाही पडत."

नेहा चाळीस मिनिटं थांबली. त्या वेळात आईने स्वतःच्या भावाबद्दल विचारलं, माझ्या नोकरीचं काय झालं ते विचारलं, मला भीती वाटते का ते विचारलं. मी उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नालाही खरं उत्तर दिलं. मग नेहाला दुसऱ्या रुग्णाकडे जायचं होतं. तिने यंत्र बॅगेत ठेवलं. आई म्हणाली, "अगं, अर्ध्यातच काहून नेतेस?"

*

ते यंत्र विकत घेणं आमच्या हातचं नव्हतं. आजाराने घरातलं होतं ते आधीच संपवलं होतं. नेहाने सिलतऱ्यातल्या एका कारखान्याच्या न्यासाचं नाव सुचवलं. तो न्यास तिचाकी सायकली, व्हीलचेअर, कानाची यंत्रं वाटतो. मला न्यास चांगला माहीत होता. त्यांची प्रसिद्धीपत्रकं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर येत: रांगेत तिचाकी, मागे उभे पाहुणे. मी ती चार ओळींत बसवत असे. बोलणारं यंत्र त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं. त्यामुळे ते का हवं, हे पटवून देणारा अर्ज आणि थेरपिस्टचा अहवाल लागणार होता.

नेहाने अहवालाचा मसुदा पाठवला. तीन पानं. त्यात पुनरुक्ती होती, 'अत्यंत दयनीय' दोनदा होतं. लाळ सांभाळता येत नाही, त्यामुळे दिवसातून चारदा शर्ट बदलावा लागतो, असं होतं. आणि एक लांब परिच्छेद आईवर होता: माताजी दृष्टिहीन आहेत, दिवसभर दोघंच असतात, मुलाचा आवाज ऐकण्याचा त्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही.

मी तो मसुदा संपादित केला. मला कुणी सांगितलं नव्हतं. विशेषणं काढली. लाळ काढली. आईचा परिच्छेद काढला, कारण अर्जदार मी होतो, आई नव्हती. तो मजकूर विषयाला सोडून आहे असं माझं मत झालं. तीन पानांचं एक पान झालं. नेहाने फोनवर ईशाला सांगितलं, "सर से बोलो, रोना-धोना भी थोड़ा रहने दें. कमिटी सबसे बुरा दिन देखना चाहती है." मी ईशाच्या हाती निरोप पाठवला की वस्तुस्थिती पुरेशी आहे. नेहा माझ्या निम्म्या वयाची. तिने सही करून दिली.

अर्ज मी स्वतः लिहिला, घरच्या संगणकावर, एका बोटाने. हिंदीत, एक पान, सहा परिच्छेद. अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी बोटाला गोळा आला आणि मंगला ते गरम पाण्यात धरून बसली. यातलं काहीही अर्जात नव्हतं. बातमी लिहायला किती वेळ लागला हे बातमीत कुणी लिहीत नाही.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. ईशाने वाचून दाखवलं: "आवेदक लिखित रूप में अपनी बात स्पष्ट, सुसंगत एवं प्रभावी ढंग से रखने में सक्षम हैं। परिवार के सदस्य साक्षर हैं। अतः उपकरण की आवश्यकता सिद्ध नहीं होती।"

वाक्यात चूक नव्हती. समितीने समोर आलेला कागद वाचला होता, आणि त्या कागदातून तेवढंच सिद्ध होत होतं.

ईशाने पत्र टेबलावर ठेवलं. म्हणाली, "पापा, आपको कॉपी चेक करने को किसने बोला था?"

*

पुढचं थोडक्यात सांगतो.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मला ठसका लागला. लाळ श्वासनलिकेत गेली. चमचा हातातून पडला आणि पलंगाखाली गेला. आई स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. तिने विचारलं, "सुध्या, काय झालं? बरा हायेस काय?" ठसका थांबला होता. मी ठीक होतो. पण वाजवायला हातात काही नव्हतं.

"सुध्या? वाजव नं. एकदा वाजव."

ती पाच-सहा वेळा म्हणाली. प्रत्येक वेळी आवाज चढत गेला. मग ती उठली. ती भिंतीला धरून चालत असे, पण त्या दिवशी तिने भिंत सोडली आणि सरळ माझ्या दिशेने आली. मध्ये परात होती. मी तिला परातीकडे येताना पाहिलं. सात-आठ पावलांचं अंतर होतं. एक शब्द पुरला असता.

बारा वाजता सुखबती आली तेव्हा आई जमिनीवर होती. शुद्धीवर होती. तिचा हात माझ्या पावलापर्यंत पोचला होता आणि तिने माझा अंगठा धरला होता. तासभर ती एवढंच विचारत होती की मी जिवंत आहे का. मी अंगठा हलवायचा प्रयत्न केला. तिला तो कळला की नाही, मला माहीत नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यांना आता एकटं ठेवायचं नाही. माझी बहीण दुर्गला असते, घर तळमजल्यावर, ती दिवसभर घरी. रुग्णालयातून आईला थेट तिकडेच नेलं. घरात दोन अंथरुणं सांभाळायला माणूस नव्हतं. निर्णय बरोबर होता.

*

दुसरा अर्ज नेहाने आणि ईशाने मिळून लिहिला. मला फक्त वाचून दाखवला. त्यात विशेषणं होती, लाळ होती, अकरा दिवस होते, गरम पाणी होतं. आईचं पडणं पूर्ण पानभर होतं. मी एका शब्दालाही हात लावला नाही. तोवर लावायला बोटही राहिलं नव्हतं.

या वेळी समितीने दखल घेतली. पडताळणीसाठी न्यासाचे सचिव स्वतः घरी आले. सोबत फॉर्म धरून एक कारकून. सचिव सभ्य होते. माझ्या खुर्चीजवळ बसले, फॉर्ममधला एकेक रकाना वाचला. मग विचारलं, "और माताजी कहाँ हैं?"

ईशा म्हणाली, "दादी बुआ के यहाँ गई हैं. आ जाएँगी."

"कब तक?"

ईशाने माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं. आमच्यात त्याचा अर्थ ठरलेला होता: मला बोलायचं आहे. तिने लगेच तक्ता घेतला नाही. मी नजर हलवली नाही. शेवटी तिने तक्ता समोर धरला आणि बोट फिरवायला लागली.

मी सांगितलं: नहीं आएँगी।

चार मिनिटं लागली. ईशाने अक्षरं जुळवली, पूर्ण झालेले शब्द पाहिले आणि मोठ्याने वाचले. माझ्या आवाजाचं काम तिने केलं. खोटं का बोलू दिलं नाही, याचं नीट कारण मला आजही देता येत नाही. अठ्ठावीस वर्षं जो मजकूर हाताखालून गेला त्यातलं चुकीचं दुरुस्त केलं, एवढंच म्हणता येईल.

सचिव म्हणाले, "आप ईमानदार आदमी हैं." मग तक्त्याकडे बोट करून कारकुनाला सांगितलं, "ये भी लिख लो. संवाद तो हो ही रहा है."

ईशा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिने तक्ता कपाटावर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी खाली काढला आणि म्हणाली, "बोलिए." मी माफी मागितली. ती म्हणाली, "दादी की चूक निकालते थे तो हँसी आती थी."

पत्र महिनाभराने आलं. परिस्थिती बदलल्यामुळे प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. म्हणजे फाइल बंद.

*

ज्यांना अर्ज करायचा आहे, त्यांनी तो स्वतः लिहू नये. विशेषतः ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांनी. घरातल्या अशा माणसाला लिहू द्या ज्याला राग आलेला आहे. एका पानाला किती दिवस लागले ते पहिल्या ओळीत लिहा. लाज वाटते ते लिहा. यंत्र कुणाशी बोलण्यासाठी हवं आहे त्या माणसाचं नाव लिहा, आणि ते माणूस घरात असतानाच अर्ज करा. बोट चालतं आहे तोवर थांबू नका. बोट चालतं म्हणून नाकारतील, तरी थांबू नका. नेहा म्हणते, दुसऱ्या न्यासाकडे पुन्हा अर्ज करता येईल. ती मसुदा लिहिते आहे. मी होकार दिला आहे. माझा त्यावर भरवसा नाही, हेही इथे नोंदवतो.

*

रोज संध्याकाळी साडेपाचला दुर्गहून फोन येतो. मंगला तो स्पीकरवर लावून माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवते, पेल्याशेजारी. चमचा माझ्या बोटांना पट्टीने बांधलेला असतो. मनगट थोडं हलतं. ठोका वाजतो, पण उशिरा. आईला ते माहीत आहे. ती प्रश्न विचारते आणि थांबते.

गेल्या आठवड्यात मनगट हलेना. आईने विचारलं, "जेवला काय रे?" थोडा वेळ गेला. मंगलाने माझ्याकडे पाहिलं, दुसरा चमचा घेतला आणि पेल्यावर एकदा वाजवला.



"मंगले, हा तुहा हात हाय," आई म्हणाली. "हे लवकर वाजलं. त्याले वाजवू दे. मी थांबतो."

मंगलाने चमचा खाली ठेवला. मी मनगट उचललं. चमचा पेल्याला लागला. मला दिसलं की तो लागला. मंगला म्हणाली, "वाजवलं त्यांनं, आई."

"मले नाही आलं ऐकू," आई म्हणाली. "थांबतो मी."

ती थांबली. पलीकडे दुर्गच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मी आणखी दोनदा प्रयत्न केला. मग माझ्या बहिणीचा आवाज आला, की आईचा हात दुखून राहिला, फोन ठेवते.